हात उठण्याआधीचा श्वास

आम्ही मालेगावच्या एका उर्दू शाळेत सातवीला शिकवतो. वर्गाच्या खिडकीपलीकडे यंत्रमाग. त्या खटखटाटावर आवाज चढवून शिकवायचे आणि तोच चढलेला आवाज घेऊन घरी यायचे. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात आम्हांला चांगले गुण होते. तरीही एका दुपारी बाकावर डोके टेकून झोपलेल्या मुलाला आम्ही थोबाडीत मारली. तो रडला नाही. "सर, रात को लूम पे अब्बा के साथ था," एवढेच म्हणाला. शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू आहे, मुलांना मारायला त्यात बंदी आहे, हे आम्हांला पाठ होते. पण कायदा डोक्यात राहिला आणि हात सुटला.

त्या रात्रीपासून झोप उडाली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, गोळीचे नंतर बघू, आधी श्वास सावकाश सोडायला शिका. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडणे लांबवायचे. शाळेतल्या व्यायामशिक्षकांनी अनुलोम-विलोम आणि शवासन शिकवले. फजरच्या नमाजनंतर गच्चीवर चटई टाकून आम्ही बसू लागलो.

योगाने मन शांत होते म्हणतात. आमचे आधी अशांत झाले. शवासनात डोळे मिटले की तो न रडलेला चेहरा समोर यायचा. एका सकाळी त्याच्या वाटचे आम्हीच रडलो. झोप परत आली ती त्यानंतर.

अम्मीने मात्र विचारलेच, "बेटा, ये कौनसी इबादत है?" आम्ही म्हणालो, "इबादत नहीं अम्मी, कसरत है." तिला पटले, मोहल्ल्याला पटायला वेळ लागला. 2015 साली पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन झाला तेव्हा सूर्यनमस्कारावरून केवढा वाद माजला होता! ते त्या कार्यक्रमात ठेवलेच नव्हते. तेव्हा आम्हीही नाक मुरडणाऱ्यांतच होतो. पतंजलीची योगसूत्रे अरबीत नेणारा अल्-बेरूनी अकराव्या शतकातला. सोळाव्या शतकात शेख मुहम्मद गौस ग्वाल्हेरी यांनी 'बहर-उल-हयात' या फारसी ग्रंथात योग्यांची आसने आणि श्वासाच्या रीती मांडल्या. ग्वाल्हेरला त्यांच्या मकबऱ्याच्या आवारातच तानसेनाची कबर आहे. हे आम्हांला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाही. आम्ही तरी कुठे शिकवले?

राग गेला असे नाही. तो येतो, पण आता येताना दिसतो. मान तापते, दात आवळले जातात, आणि तेवढ्यात एक श्वास लांब सोडायला सवड मिळते.

परवा तोच मुलगा पुन्हा झोपला. आम्ही जागीच थांबलो, श्वास सोडला, खिडकी लावून घेतली आणि त्याला तास संपेपर्यंत झोपू दिले. मग मागच्या गोष्टीची माफी मागितली. तो लाजून चपलेकडे बघत राहिला. संध्याकाळी त्याच्या वडिलांना भेटायला लूमवर गेलो. त्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून दोघे बाहेर आलो. ते म्हणाले, "सर, रातपाली को दूसरा आदमी कहाँ से लाऊँ?" आम्हांला उत्तर देता आले नाही. त्यांनी दोन कटिंग सांगितले. चहा येईपर्यंत दोघेही उभेच होतो.