मोडला हात आणि मिरजेची वाट

अथणीकडून येणारी सकाळची बस म्हैसाळ मागे टाकून मिरजेजवळ येऊ लागली, की गाडीत चुळबुळ सुरू होते. कोणी एक्स-रेचा लिफाफा पिशवीतून काढून पुन्हा आत ठेवतो, कोणी जुन्या फाइलीतली चिठ्ठी शोधतो. बाजारहाटाची, नोकरीची माणसेही गाडीत असतात. पण खिडकीला डोके टेकून गप्प बसलेला एखादा तरी उतारू दवाखान्याचाच असतो.

त्या दिवशी अशा उताऱ्यांत सात वर्षांचा एक मुलगा होता. आदल्या दुपारी चिंचेच्या झाडावरून तो उजव्या हातावर पडला होता. कोपर टम्म सुजले. सासऱ्यांनी शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याला बोलावले. त्याने हात ओढला, लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवून फडके करकचून आवळले आणि एकवीस दिवस सोडायचे नाही असे बजावले. रात्रभर मुलगा रडत होता. पहाटे त्याचे रडे थांबले, आणि आईला त्याचीच भीती वाटली. कंदिलाएवढ्या बल्बच्या उजेडात तिने त्याची बोटे पाहिली. ती निळसर, गार पडली होती. बोट सरळ करायला गेली तर पोराने किंकाळी फोडली. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर कारखान्याकडे गेलेला. तिने सासऱ्यांना सांगितले, विचारले नाही, आणि पहिली बस गाठली.

अशा वेळी या भागातल्या माणसाला मिरजच का आठवते? उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. पटवर्धनांच्या संस्थानाचे हे गाव. रेल्वे आली आणि मिरज जंक्शन झाले. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली येथे मिशनचे रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेतल्या त्यांच्या हातगुणाची ख्याती पसरत गेली आणि माणसे गाडीने, बैलगाडीने मिरजेला येऊ लागली. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. पुढे 1962 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. येथे शिकलेल्या कित्येकांनी येथेच पाट्या लावल्या, आणि गावाच्या रस्त्यांना दवाखान्यांची दाटी झाली. त्यांच्या आधाराने औषधांची दुकाने, खानावळी, लॉज, कुबड्या आणि कमरेचे पट्टे विकणारे. भाषाही तशीच मिसळलेली. रिक्षावाला मराठीत भाव सांगतो आणि कानडीत कमी करतो.

"अक्का, कुठला दवाखाना?" असे विचारून अशाच एका रिक्षावाल्याने मायलेकांना हाडांच्या दवाखान्यात सोडले.

डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला नाही. आधी कात्री मागवली. फडके कापले, कामट्या बाजूला केल्या आणि मनगटावर बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. नाडी अगदी मंद होती. काही मिनिटांनी बोटांवर थोडी लाली आली, तेव्हा ते आईकडे वळले. दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडले होते. मुले पसरल्या हातावर पडली की हे हाड हमखास येथेच मोडते, कारण या वयात तेथे ते पातळ असते. त्याच्या पुढूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. मोडल्यावर सूज येणारच. तिला पसरायला जागा न ठेवता वरून घट्ट आवळले, तर रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. काही तास हे असेच राहिले, तर स्नायू मरतात, बोटे आत वळतात आणि मग ती जन्मभर पूर्ववत होत नाहीत.

सगळ्याच हाडवैद्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. साधी मोड त्यांच्या हातून बसल्याची उदाहरणे गावोगावी आहेत. परंतु मुलाचे कोपर त्यांच्याकडे नेऊ नये. आणि पट्टी कोणीही बांधलेली असो, प्लास्टर अगदी मोठ्या दवाखान्यातले असो, बोटे गार पडली, निळी झाली, बधिर झाली किंवा ती सरळ करताना जीव जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

शस्त्रक्रिया ठरली. "शेवटचे काय खाल्ले?" डॉक्टरांनी विचारले. बसमध्ये शेजारच्या आजीने मायेने दोन बिस्किटे दिली होती, ती सात वाजता. भूल देण्याआधी सहा तास पोटात अन्न किंवा दूध नको. नाहीतर उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका. नाडी सुधारत होती म्हणून थांबता येत होते. दोनची वेळ मिळाली. मुलगा दर थोड्या वेळाने खायला मागे. आई पदराने वारा घाली. समोरच्या खाटेवरच्या बाईने भाकरी पुढे केली, पण आईने ती घेतली नाही. मुलासमोर कसे खायचे?

साडेबाराला परिचारिका संमतीचा कागद घेऊन आली. आई कानडी शाळेत शिकलेली. घरात मराठी बोलणे असले तरी छापील मराठी तिला अडखळत वाचता येई. परिचारिकेने तो कागद ओळीओळीने कानडीत समजावला. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. "मी येईपर्यंत सही करू नकोस. लोखंड घालतात म्हणे हातात. पोर कायमचे अधू होईल."

"मामंजी, तुम्ही या. सही मी करते," एवढे बोलून तिने फोन ठेवला. कागदावर तिने कानडी अक्षरांत नाव लिहिले. अक्षर थोडे वाकडे आले.

पाऊण तासाचे काम होते. कातडी न फाडता, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हाड जुळवले गेले आणि बाहेरून दोन बारीक तारा घालून ते स्थिर केले गेले. वर अर्धे प्लास्टर, तेही सूज मावेल असे सैल. त्या पाऊण तासात आई जिन्याच्या पायरीवर बसून होती. सासरे आले ते चारच्या सुमारास. नातवाची गुलाबी बोटे त्यांनी स्वतः एकेक करून दाबून पाहिली. बोलले काहीच नाहीत. मग खाली जाऊन सुनेसाठी खानावळीतून झुणका-भाकरी बांधून घेऊन आले.

घरी परतताना सूचना मोजक्याच होत्या. हात उंच ठेवायचा, बोटे हलवायची, प्लास्टर भिजवायचे नाही. तारा निघाल्यावर तेल लावून चोळायचे मात्र बिलकूल नाही. ही शेवटची सूचना सासऱ्यांकडे पाहून दिली गेली. चोळण्याने कोपराभोवतीच्या स्नायूंत हाडासारखे कठीण थर वाढू शकतात आणि सांधा आखडतो. मुलाने स्वतःच्या कलाने हात हलवावा. काही आठवड्यांत तो मोकळा होऊ लागतो.

चार आठवड्यांनी तारा काढल्या. भूल द्यावी लागली नाही. एक "आई गं" आणि काम झाले. परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून तिघे मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे निघाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत; दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ येथे गाणे होते. दर्शन झाल्यावर तिघे सतारमेकरांच्या गल्लीत शिरले. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात येथे सतारी-तंबोरे घडवायला घेतले. पंढरपूरच्या बाजूचे मोठाले भोपळे दुकानांतून टांगलेले असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका दुकानासमोर मुलगा थबकला. कारागीर तंबोऱ्याच्या तारा लावत होता. वाकलेला, बारीक झालेला हात पाहून त्याने काही विचारले नाही. अशी मुले मिरजेत रोजच दिसतात. त्याने तंबोरा जरा पुढे कलता केला आणि मधले बोट कसे ठेवायचे ते दाखवले.

मुलाने आधी आईकडे पाहिले. मग कोपर जेवढे सरळ होत होते तेवढेच करून त्याने बोट पुढे नेले आणि तार छेडली.

"पुन्हा छेड," सासरे म्हणाले.

बस सुटायला वीस मिनिटे होती.