आगीतून उठलेले बेट आणि जातीचा रकाना



चळवळीतल्या माणसांनी मॉरिशसला कशाला जायचे, हा प्रश्न आम्हाला तिकिटे काढण्याआधीपासून विचारला जातो आहे. विचारणारे परके नाहीत, आपलेच आहेत. आम्ही सहा जण बुधवार पेठेत पोटाला लागलेली माणसे. दोघे अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांत, एक तपकीर गल्लीत अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा, एक परिचारिका, एक बँकेतली कारकून आणि एक शिकवण्या घेणारा. तीन वर्षे भिशी लावली आणि पावसाळ्यातला स्वस्त दर बघून गेलो. बुधवार पेठ म्हटले की पुण्याबाहेरच्या लोकांच्या चेहऱ्यावर जे हसू येते ते आम्हाला सवयीचे आहे. "तुम्ही आणि परदेश?" हे हसूही त्याच जातीचे.

बाबासाहेब 1934 साली सहकाऱ्यांबरोबर वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. सहलच होती ती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले म्हणून केवढा गहजब झाला, आणि शेवटी पाण्याला शिवू नये म्हणून पहारा देत किल्ला कसा दाखवला गेला, हे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. ज्या समाजाच्या नेत्याला आपली ओळख झाकून सहल काढावी लागली, त्या समाजाच्या पोरांनी आपल्या पैशाने, आपल्या नावाने जग बघायला निघणे ही चैन आहे की हक्क, ते ज्याचे त्याने ठरवावे. आमचे ठरलेले आहे.

आता बेटाविषयी. मॉरिशस हे ज्वालामुखीचे बेट आहे, हे शाळेतल्या भूगोलात असते. त्याचे आपल्याशी असलेले नाते मात्र तिथे ठळकपणे येत नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून लाव्हा वर येऊन दख्खनचे पठार तयार झाले, त्याच ठिकाणाने पुढे मॉरिशस घडवले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला, आग जागच्या जागी राहिली. मॉरिशस समुद्रातून वर आले ते साधारण 80 ते 90 लाख वर्षांपूर्वी. आज ती आग शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे कार्ले-भाजे-जुन्नरची लेणी ज्या काळ्या पाषाणात आपल्या पूर्वजांनी कोरली, आणि पुण्यातल्या वाड्यांची जोती ज्या दगडाची, तो दगड आणि मॉरिशसचा दगड एका चुलीवरचे.

दिवसभराची जीपची सफर आम्ही घेतली ती याच ओढीने. सकाळी सातला फ्लिक-आँ-फ्लाकहून निघायचे, संध्याकाळी परत. जीप उघडी, वर नुसते ताडपत्रीचे टप, चारही चाकांना जोर असलेली. चालक आणि वाटाड्या एकच, साठीच्या आसपासचे गृहस्थ. आम्ही आपसात मराठीत बोलतो आहोत हे ऐकून त्यांनी आरशात पाहिले आणि म्हणाले, "मी पण मराठी हाय. थोडा थोडा बोलतो." मग दिवसभर ते आम्हाला भाऊ-बहीण म्हणत राहिले आणि आम्ही त्यांना काका. त्यांचे बोलणे क्रेओल, फ्रेंच, जरा इंग्रजी आणि मधूनच आजीच्या तोंडची मराठी असे मिसळून येई. गणपतीच्या दिवसांत ते लोक नाचतात त्याला 'झाकरी' म्हणतात. आमच्यातला संगमेश्वरकडचा मित्र लगेच म्हणाला, ही आमची जाखडी.

क्युरपिपला मोठा विझलेला ज्वालामुखी आहे, त्रू ओ सेर्फ. काठावरून खाली पाहिले तर आत गर्द झाडी आणि तळाशी थोडे पाणी. छान आहे, पण आमचे मन तिथे रमले नाही. खरा धडा पुढे होता, आणि तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नव्हता.

डांबरी सोडून जीप उसाच्या शेतांत शिरली. लाल चिखल, खाचखळगे, काकांनी गाडी खालच्या गिअरला टाकलेली, आणि दोन्ही बाजूंना उभा ऊस. त्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग. एखाददुसरा नव्हे, शेतामागून शेतात. काही ओबडधोबड, काही पायऱ्यापायऱ्यांनी नीट रचलेले, घराएवढे उंच. पर्यटक त्यांना पिरॅमिड म्हणून फोटो काढतात. काकांनी गाडी थांबवली आणि सांगितले की ही जमीन अशी नव्हती, सगळी दगडांनी भरलेली होती. लाव्हा थिजला की दुसरे काय उरणार? ते दगड हातांनी उचलून, डोक्यावर वाहून, बाजूला रचले, तेव्हा कुठे मधल्या मातीत ऊस लागला. आधी गुलामांनी वाहिले, नंतर करारावरच्या मजुरांनी.

आपल्याकडे रानातले दगड वेचून बांधाला ताल रचतात, ते काम आमच्यातल्या तिघांच्या घरांत झालेले आहे. कुणाच्या रानात, हे सांगायला नको. स्वतःचे रान नव्हतेच. आमची मैत्रीण खाली उतरून एका ढिगाला हात लावून उभी राहिली. तिची आजी खडी फोडायच्या कामाला जायची. ती एवढेच म्हणाली, "ह्याचं माप कुणी घेतलंय का रे? किती टन?" कुणाकडे उत्तर नव्हते. साखर किती टन निघाली याचे हिशेब मात्र सापडतील.

थोडा इतिहास, कारण आपल्या पोरांना हा सांगितला जात नाही. डचांनी 1638 मध्ये या बेटावर वस्ती केली आणि पुढे सोडून दिली. 1715 मध्ये फ्रेंच आले, 1810 मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकले. मादागास्कर, मोझांबिक आणि काही प्रमाणात भारतातूनही गुलाम आणले गेले. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामी कायद्याने संपली. नुकसानभरपाई दिली गेली, ती मालकांना. ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहतींतल्या मालकांसाठी 2 कोटी पौंड बाजूला काढले होते. गुलामांना एक पैसाही नाही, उलट 1839 पर्यंत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे राबायचे. भरपाई कुणाला मिळते, हे पाहिले की कायदा कुणी लिहिला ते कळते.

मालकांना नवे हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून 'अॅटलस' जहाज पोहोचले, त्यात 36 मजूर होते. कंपनीच्या कागदांत त्यांना डोंगरी कुली, धांगर असे लिहिले आहे. (हे आपले धनगर नव्हेत, छोटा नागपूरकडचे आदिवासी.) पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. म्हणजे या प्रयोगासाठी पहिला बळी शोधला गेला तो आदिवासींतून. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे आली. एक दिवस कामावर नाही गेला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला नियम होता. मुंबई बंदरातून जे आले त्यांत रत्नागिरी-सातारा पट्ट्यातले कुणबी होते, मराठा होते, महारही होते.

गंगा तलावाला तासभर गेला. तोही विवराचाच तलाव, काठावर शंकराची प्रचंड मूर्ती, आणि 1972 मध्ये त्यात गंगेचे पाणी आणून ओतलेले. मजूर समुद्र ओलांडून आले की धर्म बुडतो म्हणणाऱ्यांनी नंतर समुद्रापलीकडे गंगाच नेली, यावर आम्ही हसलो. शामारेलची सात रंगांची माती मात्र खरोखर पाहण्यासारखी आहे. बसाल्ट झिजत झिजत त्यातले लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले, त्याचे ते लाल, तपकिरी, जांभळे उंचवटे. कोकणातला जांभा याच रीतीने होतो. रत्नागिरीहून आलेल्या माणसाला ही माती पाहून काय वाटले असेल?

दुपार कलल्यावर ल मोर्नच्या पायथ्याशी पोहोचलो. समुद्रात घुसलेला एकटा काळा कडा. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यावर लपत. तिथली लोककथा अशी की 1 फेब्रुवारी 1835 ला शिपाई वर निघाले ते सुटकेची बातमी सांगायला, पण वरच्यांना वाटले पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. घडले तसे की नाही, हा वाद इतिहासकारांचा. 2008 मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेले आणि दर 1 फेब्रुवारीला लोक इथे जमतात. आपण 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जमतो तसे, असे आम्ही काकांना सांगितले. त्यांनी त्याविषयी कधी ऐकलेले नव्हते.

मग त्यांना बुधवार पेठेची गोष्ट सांगितली. 1 जानेवारी 1848 ला याच पेठेत, भिडे वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. (त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या रीयुनियनमधली गुलामी संपली.) आणि 1873 साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिले तेव्हा ते पुस्तक अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसलेला माळ्याचा मुलगा समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाच्या सुटकेत आपल्या सुटकेची खूण पाहतो, ही झेप त्या काळच्या पुण्यातल्या किती पंडितांना जमली होती? काका गप्प राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तो घर अजून हाय?" आम्हाला सांगावे लागले की वाडा कोर्टकचेरीत अडकला, मोडकळीला आला आणि 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला.

इथे एक सावधगिरी. करारी मजूर आणि गुलाम एकच, असे आम्ही म्हणत नाही, आणि गुलाम आणि अस्पृश्य एकच असेही नाही. बाबासाहेबांनी हा फरक फार कठोरपणे मांडला आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असतो, अस्पृश्य जगला काय मेला काय, कुणाचेच काही जात नाही. शिवाय गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळते, अस्पृश्यता मात्र माणसाला नकळत बांधते. त्यामुळे 'सगळे शोषित सारखेच' या गुळगुळीत वाक्यावर भागवणाऱ्यांपासून सावध राहावे. सारखेपणा शोधायचा तर रकान्यारकान्याने शोधावा लागतो.

रकाना हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. जहाजातून उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद वहीत झाली: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव. आणि जात. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. परतीच्या वाटेवर काका म्हणाले, आमच्यात जात नाही, जहाजातच गेली. हे आपण खूप वेळा ऐकतो, पुण्यातही ऐकतो. फरक इतकाच की काका खोटे बोलत नव्हते. एका भांड्यात शिजवून, एका बराकीत झोपून पाच-सहा आठवडे समुद्रावर काढले की शिवाशिव टिकत नाही हे खरेच आहे. पण त्याच बेटावर राजपुतांची वेगळी महासभा आहे, रविवेद प्रचारिणी सभा वेगळी आहे, आणि निवडणुकीत कोण कुठल्या जातीचा हे कुजबुजत का होईना, मोजले जाते. शिवाशिव जहाजात बुडाली असेल, जात पोहत किनाऱ्याला लागली.

काकांना पणजोबाबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या. रत्नागिरी आणि एक आकडा. तो आकडा त्यांनी पाठ केलेला होता, म्हणून दाखवला. तो दिला तर नोंद निघू शकते, फोटोही असू शकतो. त्यांनी कधी मागितलेली नाही.

यावरून रात्री खोलीवर आमचे आपसात जुंपले. तिघांचे म्हणणे असे की काकांनी वही उघडावी. आपण कोण होतो हे ठाऊक नसेल तर आपल्याला कुणी काय केले तेही कळत नाही. रकान्यात 'महार' निघाले तर त्यांना एक अख्खा इतिहास मिळेल, चवदार तळे मिळेल, नागपूर मिळेल. उरलेल्या तिघांनी विचारले, आणि दुसरे काही निघाले तर? आज जो माणूस आपल्याला काका म्हणू देतो, आपल्या डब्यातली भाकरी मोडून खातो, त्याला उद्या वरची जात सापडली आणि तो तिला चिकटला तर? चार पिढ्यांनी जी वस्तू हरवली ती आपण शोधून त्याच्या हातात द्यायची? बाबासाहेबांना जातीचा अंत हवा होता, वंशावळ नव्हे.

आम्हाला विचाराल तर पहिल्या तिघांचे म्हणणे जड वाटते. जात विसरली म्हणून संपत नाही. ज्याच्यावर तिचे ओझे होते तो विसरतो, आणि ज्याला तिचा फायदा होता तो घराण्याची कागदपत्रे जपून ठेवतो. पण हे पुण्यात बसून, भारतातल्या माणसांसाठी म्हणणे सोपे आहे. काकांच्या बाबतीत वही उघडण्याचा अधिकार फक्त काकांचा, इतक्यावर आम्ही सहाही जण एक झालो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

दुसऱ्या दिवशी बसने पोर्ट लुईला गेलो. तिथे आप्रवासी घाट आहे, 2006 पासून जागतिक वारसा यादीत. गोदीपासून वर जायला 16 दगडी पायऱ्या. उतरणारा प्रत्येक मजूर त्या चढून नोंदणीच्या खोलीकडे गेला. पायऱ्या त्याच काळ्या दगडाच्या आहेत, मधोमध झिजलेल्या. आम्ही वर चढलो, परत खाली आलो, पुन्हा चढलो. पहारेकऱ्याने एकदा पाहिले, पण काही म्हणाला नाही.

पुण्याला आल्यावर काकांना 'गुलामगिरी'ची इंग्रजी प्रत पाठवली आहे. त्यांच्या नातीने ती वाचायला घेतल्याचा निरोप आला. वहीचे अजून काही ठरलेले नाही. नात म्हणते, मी गेले तर चालेल का, आकडा मलाही पाठ आहे.