संथ गुन्हेपट आणि प्रेक्षकांची चुळबूळ

मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१९ सालच्या ‘द आयरिशमन’विषयी प्रेक्षकांत जे दोन तट पडले, त्यांच्या मुळाशी २०९ मिनिटांची लांबी जितकी होती, तितकाच वृद्धाश्रमात बसून आपल्या खुनांची हकीकत सांगणारा नायक फ्रँकही होता. ही भूमिका करणारे रॉबर्ट डी नीरो तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते आणि ‘डी-एजिंग’ने, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने चेहऱ्यावरचे वय पुसण्याच्या तंत्राने, त्यांना तरुण केले गेले, परंतु मुलीला ढकलणाऱ्या किराणा दुकानदाराला फ्रँक फुटपाथवर तुडवतो, तेव्हा त्याचे अंग म्हाताऱ्याचेच वाटते, हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल. संथपणाची तक्रार मात्र (नेटफ्लिक्समुळे ती बहुधा हाती रिमोट घेऊनच केली गेली) तितकीशी पटत नाही, कारण कामगारनेता जिमी हॉफाच्या खुनानंतर टोळीतले म्हातारे तुरुंगात खंगत जातात, फ्रँक स्वतःची शवपेटी स्वतःच निवडतो, आणि बँकेत नोकरी करणारी त्याची मुलगी पेगी बापाला पाहताच काउंटर बंद करून निघून जाते. हा उत्तरार्ध घाईने उरकला असता, तर हाती लागला असता तो नेहमीचाच टोळीपट.