माझ्या डब्यातली शिवराई

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आमच्या मुलचेऱ्यात पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही आपापल्या मर्जीने येतात.

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता त्याचीच पोरं शाळेत जातात. रुमालाच्या गाठीतून त्याने तांब्याचं एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. शिवराई! ऑनलाइन लिलावात घेतलेली. मोबाइलवर वर्णनही दाखवलं : ‘छत्रपती शिवाजी महाराज, राज्याभिषेक 1674, अतिदुर्मीळ.’ धानाच्या चुकाऱ्यातले सात हजार मोजले होते.

नाणं पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र’ आणि ‘पति’, आणि त्या दोन शब्दांमध्ये दोन आडव्या रेघा. ही दुदांडी शिवराई. महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास शिवराई सुरू केली हे खरं, पण ती पुढे दीडशे वर्षं पाडली जात होती. दुदांडी त्यातली उशिराची, पेशवाईतली. अशा शिवराया बाजारात ढिगाने मिळतात. बहुतेकींवर सालच नसतं, त्यामुळे विकणाऱ्याला हवं ते साल लिहायला मोकळं रान!

कधीकधी साल असूनही लोक फसतात. रामदरबाराचं चित्र, कंपनी सरकारचं नाव आणि ‘1818, एक आणा’ असं छापलेलं तांब्याचं नाणं लाखोंच्या भावाने दाखवतात. एक आण्याचं नाणं सरकारने 1907 साली काढलं, तेही तांबे-निकेलचं. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन उकळणारेही आहेत. 2021 मध्ये बँकेने त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. तो गप्प. मग हळूच म्हणाला, “पण गुरुजी, तुमी वर्गात दाखवलं होतं तसंच हाय न हे. म्हून त घेतलो.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडिलांनी दिलेली एक शिवराई माझ्या डब्यात आहे. चौथीचा इतिहास शिकवताना दरवर्षी ती वर्गात फिरवायचो. “पोरांनो, हे राज्याभिषेकाच्या वेळचं नाणं. कदाचित महाराजांचा हात लागला असेल!” पोरं श्वास रोखून बघायची. मलाही छान वाटायचं. निवृत्तीनंतर नाण्यांवरचं एक पुस्तक हाती आलं, तेव्हा कळलं की माझीही दुदांडीच. मनाशी हसलो आणि डबा बंद केला. कुणाला सांगायला हवं, हे सुचलंसुद्धा नाही.

त्या विकणाऱ्याने आणि मी, दोघांनीही एकच वर्णन केलं होतं. त्याने पैसे घेतले, मी घेतले नाहीत, एवढाच फरक. बरं, त्या पोराने भरवसा ठेवला तो माझ्या शब्दावर.

निम्मे पैसे देऊ केले. तो कानाला हात लावून म्हणाला, “कायले लाजवता गुरुजी?” जाताना नाणं पुन्हा रुमालात बांधलं आणि विचारलं, “मंग हे महाराजाचं नाई का?”

“नाव महाराजांचंच आहे रे. साल तेवढं दुसरं.”

“मंग पोरांले तसंच सांगतो,” म्हणाला.

रात्री डब्यात एक चिठ्ठी लिहून ठेवली : ‘दुदांडी शिवराई. तांबे. पेशवाईतली.’ माझ्या हातून शिकलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्यानेही ही दुरुस्ती करून घ्यावी.

असो. वीज जायच्या आत हे टाकतो.