आठ बैलांचा नांगर

काळ्या रानात एकदा हराळी आणि कुंदा माजला की दोन बैलांच्या नांगरानं काही होत नाही. माजलगावच्या आसपास सिंदफणेच्या दोन्ही काठांनी, खाली मंजरथच्या संगमापर्यंत, ही अशीच जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या अशा, की पोराचा पाय गुडघ्यापर्यंत आत जावा. त्या रानात लोखंडी नांगर घालायचा तर सहा बैल लागत, रान जुनं पडीक असलं तर आठ. आणि आठ बैल एक-दोन घरं सोडली तर आमच्या गावात कुणाच्याच दावणीला नव्हते.

म्हणून इर्जिक घालायची. चार घरच्या चार जोड्या एका नांगराला, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. ज्याचं रान, त्याच्याकडं त्या दिवशी माणसांना जेवण आणि बैलांना पेंड.

नांगर किर्लोस्करांचा होता. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, त्याच्याही आधीपासून लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर करत होते; पण लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून सुरुवातीला ते कुणी घेईना. हे मी पुढं कधीतरी वाचलं आणि आज्याला सांगितलं. आजा म्हणाला, "ईख नांगरानं नस्तं चढत, सावकारानं चढतंय."

पहाटे तीनला जुंपायचं आणि ऊन तापायच्या आत सोडायचं. नांगराजवळची जोडी सगळ्यात ताकदीची आणि सगळ्यात शहाणी लागते. बांधाशी आलं की पुढच्या तीन जोड्या आधी वळतात, तेव्हा तासाच्या शेवटापर्यंत ओढ एकट्या त्या जोडीवर येते. ती जागा आमच्या सर्जा-लाल्याची होती. पुढच्या जोड्यांच्या जुवावर आम्हा पोरांना बसवत. दोन बैलांच्या मधे, पाय खाली सोडून, हातात चाबूक. गार वाऱ्यानं झोप यायची. पेंगलं आणि घसरलं तर मागच्या बैलांच्या पायात, म्हणून नांगऱ्या सारखा एकेकाचं नाव घेऊन हाळी देत राही. दिवस उगवला की मागं वळून बघायचं: काळी, ओली, हातभर जाडीची ढेकळं उलथी पडलेली आणि त्यांच्यावर बगळे.

सर्जा-लाल्या लाल कंधारी जातीचे. मूळ नांदेडच्या कंधारचं, पण आमच्या बीड जिल्ह्यातही अंबाजोगाई-परळीकडं हे बैल चांगले निपजतात. गडद तांबडा रंग, काळेभोर डोळे, आणि ऊन अंगावर घेऊन ओढायची ताकद. आज्यानं ही जोडी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आदत असताना आणली होती. त्या जत्रेत घोडेही येतात, नटवलेले, नाचरे. आज्या त्यांच्याकडं बघायचासुद्धा नाही. विलायतेत टनाटनाच्या वजनाचे घोडे शेत नांगरायचे, हे मी त्याला चित्र दाखवून सांगितलं तर त्यानं एकच विचारलं, "खात्यात काय?" प्रश्न बरोबर होता. तसला घोडा दाण्यावर पोसावा लागतो, बैल कडब्यावर निघतो. शिवाय जू अडकायला बैलाला वशिंड आहे. आमच्याकडं घोडा लढाईला आणि वरातीला. 1763 साली आमच्याच जिल्ह्यात राक्षसभुवनला पेशव्यांनी निजामाला हरवलं, तेव्हाही स्वार घोड्यावर असले तरी त्या काळच्या तोफा ओढायला बैलच लागत.

इर्जिकीबद्दल शहरातली मंडळी फार भरून येऊन बोलतात. मला ते पुरतं पटत नाही. तो उसनवारीचा व्यवहार होता, आणि काटेकोर होता. ज्याची जोडी आपल्या रानात आली त्याच्या रानात आपली गेलीच पाहिजे. एकच बैल असणारा दुसऱ्या एकबैल्याशी सावड करायचा. ज्याच्याकडं काहीच नाही, त्याचं रान पडून राहायचं नाहीतर वाट्यानं जायचं.

1972 च्या दुष्काळात आमच्या घरावरही ती पाळी आली. कडबा संपला, मग छपराचं पाचट उपसून घातलं. अण्णा आणि माय खडी फोडायला जात, मिळालेली सुकडी घरी आणत. दोन बैल जगवणं होईना, तेव्हा सर्जाला बाजारात नेलं. एरवी हेड्या रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. त्या दिवशी त्यानं रुमाल काढलाच नाही, सगळ्यांसमोर मोठ्यानं आकडा सांगितला. अण्णांनी दावं सोडून दिलं. कासरा तेवढा घरी आणला.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या रानात कुंदा उभा आणि दावणीला एकटा लाल्या. अण्णा म्हणाले, इर्जिक मागायला तोंड नाही. आज्यानं मात्र मागितली. तीन जोड्या मिळाल्या, लाल्याला जोडीदार मिळेना. बौद्धवाड्यातल्या तात्यांचा एक बैल दुष्काळातून वाचला होता. इनामाची दोन एकर त्यांचीही पडून होती. त्यांनी बैल दिला. लाल्यापेक्षा वीतभर ठेंगणा होता, पण ओढीला कमी पडला नाही. चार दिवस तो आणि लाल्या नांगराजवळ एका जुवात चालले, आणि तात्या स्वतः नांगर धरून होते.

शेवटच्या दिवशी पुरणपोळीचं जेवण केलं. पंगत लिंबाखाली बसली. तात्यांना पंगतीपासून पंधरा पावलं लांब, बांधाच्या पलीकडं बसवलं. आजीनं पोळी वाढली ती वरून, हात न लागू देता. त्यांनी निम्मी खाल्ली, निम्मी उपरण्यात बांधली. कुणी काही बोललं नाही. मी अकरा वर्षांचा होतो. मला ते दिसलं, पण तेव्हा वेगळं असं काही वाटलं नाही, कारण रोज तसंच असायचं.

त्यांच्या दोन एकरात आमचा नांगर गेला, तेवढा शब्द आज्यानं पाळला. पुढच्या साली अण्णा बैल मागायला गेले तर तात्या म्हणाले, "बैल कारखान्याला चाललाय, दादा. मीबी." त्यांनी मुकादमाची उचल घेऊन दुसरा बैल जोडला होता. अण्णा परत आले आणि रात्रभर अंगणात बसून राहिले. लाल्याला जोडीदार तर हवाच होता. दसऱ्याच्या आधी त्यांनीही त्याच मुकादमाकडून उचल घेतली, बैल घेतला, आणि दोघं नवरा-बायको, म्हणजे मुकादमाच्या वहीत एक कोयता, पश्चिमेकडच्या कारखान्याला निघाले. मी आज्याजवळ राहिलो.

नांगरटीपेक्षा उसाची गाडी बैलाला जड. दिवसा फड, रात्री कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग; गव्हाणीपाशी नंबर लागेपर्यंत बैल जू खांद्यावर घेऊन उभे. लाल्याच्या खांद्याला गाठ आली ती तिथंच. चारा म्हणून उसाचं वाढं. तिथं कोप्यांची रांग एकच होती, आणि आमच्या कोपीशेजारी तात्यांची. माय सांगायची, एकदा तिला ताप आला तर आठ दिवस भाकरी तात्यांच्या बायकोनं थापली आणि सगळ्यांनी खाल्ली. मी अण्णांना विचारलं, मग गावात तसं का नाही? ते लाल्याच्या खांद्याला हळद-तेल लावत होते. म्हणाले, "तिथं कोन बघतंय?"

उचल फिटायला तीन हंगाम गेले. पुढं सिंदफणेवर धरण झालं, त्यात आमचं नांगरटीचं रान पाण्याखाली गेलं. उरलेल्या रानांत ट्रॅक्टर आला आणि इर्जिक बंद पडली. माझ्या सांध्यांना विचारलं तर ट्रॅक्टर फार चांगला.

आता पोळ्याला गावातली बरीच घरं मातीचे बैल पुजतात. खरे बैल आहेत ते बहुतेक गाडी सेंटरवाल्यांकडं. तात्यांच्या नातवाकडं एक लाल कंधारी जोडी आहे, आमच्या सर्जाची आठवण यावी अशी. खांदेमळणीच्या संध्याकाळी मी लोणी-हळद घेऊन त्याच्याकडं जातो. तो बैल धरतो, मी खांदे चोळतो. उजव्याच्या खांद्याला गाठ धरायला लागली आहे. मी त्याला यंदा जू बदल म्हणालो, तर तो म्हणाला, उचल घेतलीय, काका, दसऱ्याला निघायचंय, बघू तिथं गेल्यावर.