शून्य म्हणजे रिकामे नव्हे : अर्जामागचा नियम वाचायला शिकूया

आपल्या समाजातला मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावी झाली की पहिली गाठ पडते ती अर्जाशी. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, भरतीचा अर्ज. पूर्वी हे अर्ज कागदावर असत आणि खिडकीपलीकडे एक कारकून बसलेला असे. त्याने अर्ज परत केला तर निदान कारण तरी विचारता येत होते, वेळप्रसंगी दहा कार्यकर्ते घेऊन साहेबांच्या टेबलापर्यंत जाता येत होते. आज ती खिडकी मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. लाल अक्षरात एक ओळ उमटते, 'कृपया योग्य माहिती भरा', आणि विषय संपतो. अयोग्य काय होते, कोणी ठरवले, हे विचारायला समोर माणूसच नसतो.

आमचे म्हणणे असे आहे की तो नियम कुठेतरी लिहिलेला असतो, माणसानेच लिहिलेला असतो आणि आपल्याला तो वाचायला शिकता येतो. याच हेतूने आम्ही पीएचपी ही भाषा शिकायला घेतली. आम्ही म्हणजे वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत दर रविवारी वंदना झाल्यावर बसणारे पाच जण. त्यात बी.ए.ला असलेली एक मुलगी आहे, दिवसभर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक दादा आहे, आणि समाजशास्त्रात एम.ए. करून समाजकार्यात आलेलेही आहेत. संगणकाचा अभियंता एकही नाही. दोन जुने संगणक आणि एक वही, एवढी सामग्री.

निमित्त साधे होते. वस्तीतल्या कुटुंबांची नोंद आम्ही वहीत ठेवतो. कोणाचा जातीचा दाखला बाकी आहे, कोणाचे रेशनकार्ड अडले आहे, कोणत्या घरातले पोर शाळेतून सुटले आहे. वह्या वाढल्या, शोधणे अवघड झाले. ही नोंद आपल्याच संगणकावर, आपल्याच प्रश्नांनिशी ठेवता यावी म्हणून हा अभ्यास सुरू झाला.

पडद्याच्या पलीकडे काय चालते?

आपण वेबसाइट उघडतो तेव्हा आपला ब्राउझर दूरच्या एका संगणकाकडे मागणी पाठवतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. पीएचपी तिथे चालते. ती मागणी तपासते, गरज असेल तर माहितीच्या साठ्यातून नोंद काढते, तयार पान बनवते आणि आपल्याकडे धाडते. आपल्या हाती येते ते फक्त तयार पान. ब्राउझरमध्ये 'पेज सोर्स' उघडून पाहिले तरी त्यात पीएचपीची एक ओळ सापडत नाही. निकाल दिसतो, निकाल देणारा नियम दिसत नाही. सर्व्हरच्या बाजूची भाषा म्हणतात ती ही.

या भाषेचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रॅस्मस लर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये आपल्या स्वतःच्या पानाला कोण भेट देते हे मोजण्यासाठी काही छोटी साधने लिहिली. १९९५ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. नाव होते 'पर्सनल होम पेज टूल्स'. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गटमन्स या इस्रायलमधल्या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. एका माणसाच्या घरगुती गरजेतून निघालेल्या या भाषेवर पुढे वर्डप्रेस उभे राहिले, विकिपीडिया चालवणारी मीडियाविकी ही प्रणाली उभी राहिली, २००४ मधले सुरुवातीचे फेसबुकही याच भाषेत लिहिलेले होते. ती आजही मोफत आहे. झॅम्प नावाचा मोफत संच संगणकावर टाकला की इंटरनेट नसतानाही आपलाच संगणक सर्व्हर बनतो आणि सराव करता येतो. फीचा प्रश्न येत नाही, प्रवेश परीक्षाही नाही.

पहिले धडे

मूळ गोष्टी मोजक्याच आहेत. 'एको' म्हणजे पानावर काही लिहून दाखव. चल म्हणजे नाव लावलेला डबा, त्यात एखादी किंमत ठेवायची. पीएचपीत चलाच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह लागते. आणि गंमत अशी की हे नाव देवनागरीत चालते. $नाव = "रमा"; ही ओळ पीएचपी निमूटपणे मान्य करते. आज्ञा इंग्रजी असल्या तरी आपल्या डब्यांना आपल्या भाषेची नावे देता येतात, हे कळले तेव्हा बी.ए.च्या मुलीचा अर्धा धाक तिथेच गेला.

त्यानंतर 'इफ' आणि 'एल्स', म्हणजे जर आणि नाहीतर. मग 'फॉर-ईच', म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी हेच काम पुन्हा कर. मग 'पोस्ट', म्हणजे अर्जात भरलेली माहिती सर्व्हरवर हाती कशी येते ते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम हवा, नाहीतर पान उघडत नाही. पण चूक कोणत्या ओळीच्या आसपास आहे हे पीएचपी आकड्यानिशी सांगते. आपल्याकडच्या किती कार्यालयांत एवढे सांगतात?

या चार-पाच गोष्टींवर अर्ज तयार होतो. यातली 'इफ' मात्र जपून वाचायला हवी. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे ते तिथे ठरते.

जमीन : शून्य

आमच्या नोंदीत एक प्रश्न होता, 'शेतजमीन किती एकर?' शिकवणीच्या नमुन्यात, रकाना भरला आहे की नाही हे पाहण्यासाठी 'एम्प्टी' नावाची तयार तपासणी वापरली होती. एम्प्टी म्हणजे रिकामे. तो नमुना आम्ही चाचणीसाठी चालवला आणि वस्तीतल्या एका भूमिहीन मावशींची माहिती भरली. जमिनीच्या रकान्यात शून्य लिहिले. पान परत आले : 'हा रकाना भरणे आवश्यक आहे.'

रकाना तर भरलेला होता! मग पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिका उघडली. तिथे स्पष्ट लिहिले आहे की 'एम्प्टी' ही तपासणी शून्यालाही रिकामे धरते, मग ते आकडा म्हणून असो वा अक्षर म्हणून. भाषेत हे लपवलेले नाही. पण ज्याच्या घरी जमीन आहे असा नमुना लिहिणारा शून्य टाकून पाहणारच नाही. त्याच्या चाचणीत दोन एकर असतील, दहा एकर असतील. अर्ज बिनतक्रार चालेल आणि तो तसाच पुढे पाठवला जाईल.

मित्रहो, हा मुद्दा संगणकापुरता आहे का? भूमिहीनाचे शून्य हे उत्तर आहे. पिढ्यान्पिढ्यांच्या वंचनेचा तो हिशेब आहे. त्याला 'माहिती भरली नाही' म्हणणे म्हणजे त्याची परिस्थिती नोंदीतूनच पुसणे. समाजशास्त्रात आम्ही शिकलो की प्रश्नावली बनवणारा जे रकाने ठेवतो तेवढाच समाज त्याला दिसतो. इथे तर रकाना असूनही माणूस दिसेनासा होतो. आणि यामागे कोणाचा द्वेष असावाच लागतो असेही नाही. लिहिणाऱ्याच्या अनुभवात शून्य नसले तरी पुरते.

उपाय एका ओळीचा आहे. 'एम्प्टी' काढायचे आणि उत्तर खरोखरच कोरे आहे का, हे तीन बरोबरच्या चिन्हांनी काटेकोर तपासायचे. एक ओळ बदलली आणि मावशी नोंदीत आल्या. पण ती ओळ बदलायची हे सुचायला शून्य काय असते हे जगलेला माणूस त्या खुर्चीत हवा.

नावाची लांबी

दुसरा धडा नावाचा. पीएचपीत अक्षरांची लांबी मोजायला 'स्ट्रलेन' आहे. ती अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. इंग्रजी अक्षर एका बाइटचे, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइटचे, आणि मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. आम्ही बाबासाहेबांचे पूर्ण नाव घालून पाहिले. 'भीमराव रामजी आंबेडकर' इंग्रजी लिपीत २२ बाइट भरते, देवनागरीत ५६. एखाद्याने नावाला ५० ची मर्यादा घालून 'स्ट्रलेन'ने मोजले, तर इंग्रजीतले नाव सुखरूप जाईल आणि मराठीतले 'नाव फार मोठे आहे' म्हणून परत येईल. 'एमबी-स्ट्रलेन' वापरले तर तेच मराठी नाव २० भरते आणि आत जाते.

तसेच आकड्यांचे. मराठी कळफलकावरून ५ लिहिले तर पीएचपीची नेहमीची तपासणी त्याला संख्याच मानत नाही. ते आधी इंग्रजी आकड्यात बदलून घ्यावे लागते. शेतमजूर आजोबांनी आपल्या लिपीत आपले वय लिहिले, तर ती त्यांची चूक कशी? सोय करून ठेवणे लिहिणाऱ्याचे काम आहे.

नियम बदलतात

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत शून्य हा आकडा आणि 'नाही' हा शब्द यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर भाषा म्हणे, दोन्ही समान! अनेक वर्षे हा नियम चालला. २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ ने तो बदलला. असे बदल कसे होतात? प्रस्ताव लेखी मांडला जातो, त्यावर जाहीर चर्चा होते, मग मतदान होते. कोणताही नियम आकाशातून पडलेला नसतो, ही शिकवण आपल्याला नवी नाही. माणसांनी केलेला नियम माणसे बदलू शकतात, फक्त तो कुठे लिहिला आहे हे माहीत हवे आणि प्रस्ताव मांडण्याइतकी तयारी हवी.

विश्वासाची जबाबदारी

लोक आपल्या नोंदीत जात, उत्पन्न, आजार, फोन नंबर देतात ते आपल्यावरच्या विश्वासाने. म्हणून सुरक्षितता हा पुढचा विषय नव्हे, पहिल्याच महिन्याचा विषय आहे. अर्जात आलेला मजकूर जसाच्या तसा माहितीसाठ्याच्या आज्ञेत जोडला, तर एखादा खोडसाळ माणूस रकान्यात नावाऐवजी आज्ञाच लिहून सगळी नोंद पळवू किंवा पुसू शकतो. त्यासाठी आज्ञा आधी बांधून ठेवायची आणि माहिती वेगळी द्यायची, याला 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' म्हणतात. तसेच लोकांनी भरलेला मजकूर पानावर दाखवताना तो निरुपद्रवी करून दाखवायचा. आणि ज्या माहितीची गरज नाही ती विचारायचीच नाही. आमच्या नोंदीतून आधार क्रमांकाचा रकाना आम्ही ठेवलाच नाही. कामाला लागत नाही, मग साठवायचा कशाला?

आक्षेप आणि उत्तरे

काही कार्यकर्ते म्हणतात, चळवळ रस्त्यावर असते, संगणकासमोर नाही. मान्य. पण ज्या शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चा काढतो तिचा अर्ज कुठे अडला हे नेमके सांगता आले, तर निवेदनाला धार येते. 'पोर्टल चालत नाही' म्हटले की अधिकारी मान डोलावतात. 'उत्पन्न शून्य लिहिले की अर्ज परत येतो, ही तपासणी बदला' म्हटले की उत्तर द्यावे लागते.

काही जण म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, शिकायचे कशाला? लिहून देते हे खरे. पण 'जमीन शून्य असेल तर काय?' हा प्रश्न तिला कोण विचारणार? आणि तिने दिलेले उत्तर तपासणार कोण? वाचता न येणाऱ्याने सही केलेल्या कागदांचा इतिहास आपल्या आज्या-पणज्यांनी भोगला आहे.

काही म्हणतात, पीएचपी जुनी झाली. नोकरीसाठी कोणती भाषा घ्यावी हा वेगळा विषय, तो ज्याने त्याने बाजार पाहून ठरवावा. पण नियम कसा लिहिला जातो हे समजायला ही भाषा सोपी आहे, आणि एकीत शिकलेले 'जर-नाहीतर' दुसरीत वाया जात नाही.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केला, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', पुढे 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'. दुसऱ्यांच्या पत्रांत दोन रकाने मागत बसण्यापेक्षा आपले पत्र उभे करण्याचा तो मार्ग होता. आज माहिती ज्या यंत्रातून वाहते त्या यंत्राची लिपी शिकणे हे त्याच मार्गावरचे पाऊल आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून प्रत्येक विहारातल्या, प्रत्येक अभ्यासिकेतल्या तरुणांना आमचे आवाहन आहे. एक जुना संगणक मिळवा. चार-पाच जण मिळून बसा, त्यात मुली निम्म्या असू द्या. पहिल्या महिन्यात चल, 'इफ', यादी आणि अर्ज एवढेच करा. दुसऱ्या महिन्यात माहितीसाठा आणि सुरक्षितता. आणि पहिला अर्ज वस्तीच्या कामाचा बनवा, म्हणजे शिकणे टिकते. तो तयार झाला की त्यात सर्वांत आधी त्या घराची माहिती भरून पाहा ज्या घरी जमीन शून्य आहे, उत्पन्न शून्य आहे, आणि घरातल्या बाईला आडनाव लावायचे नाही. ते घर आत गेले, तर बाकीचे जातीलच.

जय भीम.