जालना ते करमाड, तारेखालून

वंदे भारत जालना स्थानक सोडते तेव्हा इंजिनाचा हिसका बसत नाही, कारण या गाडीला वेगळं इंजिनच नाही. मोटारी डब्यांखाली, आणि छतावरचा पेंटोग्राफ २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत वीज घेतो. मुंबईच्या लोकलचीही हीच जात. मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. जालन्याहून वंदे भारत सुटली ३० डिसेंबर २०२३ रोजी. मधली जवळपास शंभर वर्षं मराठवाड्याने कोळसा आणि डिझेलवर काढली.

हा लोहमार्ग मुळात एका खासगी कंपनीचा. लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वेची मीटरगेज गाडी १९०१पर्यंत मनमाड ते सिकंदराबाद धावू लागली. १९३०मध्ये निझाम सरकारने रेल्वे ताब्यात घेतली. पण मीटरगेज मनमाडला संपायची. ‘जालना सोन्याचा पाळणा’ म्हणवणाऱ्या पेठेतल्या कापसाच्या गाठी मुंबईला जायच्या तर तिथे उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत पुन्हा चढवायच्या. हमाली वाढे, वेळ जाई. ब्रॉडगेज करा, ही मागणी मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने वर्षानुवर्षं लावून धरली. रूळ रुंद झाले ते थेट १९९०च्या दशकात.

हा सगळा विचार मालाचा; रोजच्या प्रवाशाचा विचार कसा होतो ते जपानमध्ये दिसतं. ओसाकाची हांक्यू ही खासगी रेल्वे १९१०पासून विजेवर धावते. तिच्या मालकांनी लाईनीकाठी घरं बांधून विकली, म्हणजे रोज जाणारा-येणारा माणूसच त्यांनी धंद्याचा पाया केला. आपल्याकडे तो माणूस कधीच हिशेबात नव्हता, असं मला ठामपणे वाटतं.

बदनापूर येतं. फलाटावर डबे धरून माणसं पॅसेंजरची वाट बघत उभी. आमची गाडी न थांबता पुढे निघते. पुढे करमाड, शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. जालन्याकडून तिथे कामाला जाणारे कितीतरी जण दुचाकीवर, ट्रकच्या गर्दीतून जीव मुठीत धरून जातात.

तार आता डोक्यावर आहे, वीज आहे. अडतं ते एकेरी रुळावर: समोरून गाडी आली की दुसरीने बाजूला उभं राहायचं. दुहेरीकरण होईल तेव्हा पहिली नवी गाडी जालना-बदनापूर-करमाड-चिकलठाणा, प्रत्येक ठिकाणी थांबणारी आणि सकाळच्या पाळीला वेळेवर पोचवणारी असू दे.